हात धुवून बस

को हायची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तिच्या हातात माझी तुळस होती. म्हणजे अख्खं रोप नव्हे. पण शेंड्याकडची चांगली मूठभर पानं तिने खुडली होती आणि ती नाकाशी धरून, कपाळाला आठ्या घालून ती उभी होती.

दोन हजार दोन साल असेल. आम्ही नुकतेच पुण्याहून सिंगापूरला आलो होतो आणि मरीन परेडला एका जुन्या ब्लॉकच्या सातव्या मजल्यावर भाड्याने फ्लॅट घेतला होता. निरंजन, माझा नवरा, सॉफ्टवेअर कंपनीत. मी तांजोंग पगारला एका विमा कंपनीत. आणि आमची सई अडीच वर्षांची. तिथे सगळ्या दारांसमोरून एकच लांबलचक कॉरिडॉर जातो आणि जो तो आपापल्या दारापुढे कुंड्या, चपला, सायकली मांडतो. मी तुळस ठेवली होती. सकाळी ऑफिसला जायच्या घाईत दार उघडलं तर ही बाई. साठीची, बुटकी, काटक. फुलाफुलांचा पायजमा आणि त्याच कापडाचा सदरा. केस इतके घट्ट मागे बांधलेले की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत.

"तुझी?" तिने विचारलं.

"हो. आम्ही हिची पूजा करतो," मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हटलं.

तिने पानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पूजा कर. खायला बरोबर नाही. औषधाचा वास."

आणि खुडलेली पानं माझ्याच तळहातावर ठेवून ती शेजारच्या दारात गडप झाली. संध्याकाळी परत आले तर तुळशीशेजारी आणखी एक कुंडी. जांभळट देठांची, तुळशीची चुलत बहीण शोभावी अशी. अंकल लिम, म्हणजे तिचे यजमान, दारात पेपर वाचत होते. मान वर न करता ते म्हणाले, "ती म्हणते, ही खा, ती पूज."

तिचं इंग्रजी क्रियापदांवाचून चालायचं, आणि जिथे अडेल तिथे ती एक 'ला' लावून वाक्य पुढे ढकलायची. मी इथे मराठीत सांगते आहे म्हणून ते सरळ वाटेल. प्रत्यक्षात तिचं निम्मं बोलणं हातांनी व्हायचं.

'को' म्हणजे आत्या. 'हाय' म्हणजे दोन. ती व्हिएतनामच्या दक्षिणेकडची, मेकाँग नदीच्या खोऱ्यातल्या सा देक नावाच्या गावची. तिकडे घरातल्या थोरल्या अपत्याला 'दोन' म्हणतात. एक नंबर कुणालाच देत नाहीत. का, असं विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर मिळायचं. एकदा म्हणाली, एक नंबर राजाचा. एकदा म्हणाली, थोरलं पोर कुठलं ते भुताला कळलं तर ते घेऊन जातं, म्हणून त्याला फसवायचं. आणि एकदा भांडी घासता घासता नुसतीच म्हणाली, "एक नंबर आई. आईच्या पुढे कोण?" लिफ्टमध्ये लोक तिला 'हाय, हाय' करत, ते आमच्या मराठी कानांना मोर्चासारखं वाटायचं. आपण आत्याला अहो-जाहो करत नाही, म्हणून मीही तिला इथे 'ती'च म्हणते आहे.

तिच्या घरी कुणी गेलं की ती 'या', 'बसा', 'कसे आहात' यातलं काही म्हणायची नाही. एकच वाक्य: "हात धुवून बस." कारण तिच्या घरी जाणं म्हणजे जेवणं, आणि जेवणं म्हणजे गुंडाळणं.

टेबलाच्या मधोमध एक मोठं ताट. त्यात डोंगर रचल्यासारखा पाला: सॅलडची पानं, पुदिना, ती तुळशीची बहीण, करवती काठांची कोथिंबीर, आणि एक पान तर असं की चुरडलं की थेट मासळीबाजार. शेजारी उकडलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या शेवया, काकडी, गाजर. त्यांच्यासाठी कोळंबी आणि डुकराचं मांस. आमच्यासाठी तळलेला टोफू. महिन्यातून दोन दिवस, अमावास्येनंतरच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला, ती स्वतःही शाकाहारी जेवायची, तेव्हा आमच्या शाकाहाराचं तिला कौतुकही नव्हतं आणि अडचणही नव्हती. मग कोमट पाण्याचा वाडगा, आणि तांदळाच्या कागदासारख्या पातळ गोल चकत्यांची चवड. चकती पाण्यात बुडवायची, ताटलीवर पसरायची, ती मऊ पडेपर्यंत आत काय घालायचं ते ठरवायचं, दोन्ही कडा आत मुडपायच्या आणि गुंडाळत जायचं. मग शेंगदाण्याच्या दाटसर चटणीत बुडवून खायचं. गोय कुओन म्हणतात त्याला.

तिचा नियम एकच. ज्याने त्याने आपापलं गुंडाळायचं. पाच वर्षांखालच्या मुलांना तेवढी सूट. सईला ती करंगळीएवढे रोल करून द्यायची आणि सई ते खात म्हणायची, "आंटी हाय, सो नाइस, ला!" पण आम्ही कितीही भिकार गुंडाळलं, टोफू बाहेर आला, चकती फाटली, तरी ती मदत करायची नाही. नुसती बघायची. आणि बघून माणसाची पारख करायची.

निरंजनचा रोल पहिल्यापासून उशीएवढा. तो तोंडात मावेना आणि हातात राहीना. को हाय मला म्हणाली, "तुझा नवरा हावरट नाही. घाबरट आहे. त्याला वाटतं, पुन्हा मिळणार नाही." निरंजन चार भावंडांत धाकटा. माझ्याबद्दल म्हणाली, "सुरुवात छान. शेवटाला घाई." तेही खरंच होतं.

या पारखीला अपवाद एकटे अंकल लिम. त्यांचं गुंडाळणं निर्दोष होतं, पण गुंडाळून झालं की ते रोल बाटलीतल्या लाल चिली सॉसमध्ये बुडवायचे. तीस वर्षं. तिने स्वतः शेंगदाणे भाजून, कुटून केलेली चटणी समोर असताना. त्या क्षणी को हाय न चुकता खिडकीबाहेर बघायची.

एकदा आमच्या ऑफिसात सगळ्यांनी घरून काहीतरी आणून एकत्र जेवायचं ठरलं. मी मोठ्या आशेने को हायला विचारलं, पन्नास रोल करून देशील का?

"पन्नास?" ती म्हणाली. "पन्नास माणसांचे हात तुटले?"

मी विषय सोडून दिला. पण जेवणाच्या दिवशी दुपारी बाराला रिसेप्शनवरून फोन आला की खाली एक बाई आल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर दोन प्लास्टिकची घमेली आहेत. अठराव्या मजल्यावरच्या आमच्या चकचकीत पँट्रीत को हायने पाला मांडला, घमेल्यांत पाणी भरलं आणि टाय लावलेल्या माणसांना सांगितलं, "हात धुवून बस."

काहींनी हसून टाळलं, काहींनी करून पाहिलं. ओल्या चकत्या बोटांना चिकटत होत्या, एकाच्या टायवर शेवया लोंबत होत्या. इतक्यात आमचे विभागप्रमुख, मिस्टर आँग, कसला गोंधळ आहे ते बघायला आले. या माणसाला कोट काढलेला कुणी पाहिला नव्हता. त्यांच्या केबिनमध्ये जायच्या आधी मी कागद दोनदा तपासून घ्यायचे. सगळे घाईघाईने हात पुसू लागले. को हायला कोण प्रमुख आणि कोण शिपाई याचा पत्ता नव्हता. तिने त्यांच्यापुढे ताटली सरकवली.

मिस्टर आँगनी कोट काढला. कफाची बटणं सोडली, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि अर्ध्या मिनिटात असा रोल केला की आतली कोळंबी बाहेरून ओळीने, एकासारखी एक दिसावी. मग दुसरा. मग तिसरा. कुणीतरी धीर करून विचारलं, "सर, हे कुठे शिकलात?"

"माझी आई हॉकर सेंटरमध्ये पोपिया विकायची," ते म्हणाले. हॉकर सेंटर म्हणजे तिथली छपराखालची खाऊगल्ली, आणि पोपिया म्हणजे सिंगापुरी चिनी लोकांचा तसाच गुंडाळलेला पदार्थ. "आमच्या घरात सगळ्यांना येतं हे."

त्यांच्याबरोबर पंधरा वर्षं काम केलेल्या माणसांनाही हे ठाऊक नव्हतं. लिफ्टमध्ये को हाय मला म्हणाली, "तो माणूस घरी चांगला असणार. घट्ट गुंडाळतो, पण फाडत नाही."

त्यानंतर दोनेक वर्षांनी, श्रावणात, माझ्या सासूबाई गुहागरहून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना इंग्रजीचा गंध नाही आणि हिंदी दूरदर्शनपुरतं. मला धास्ती होती की दिवसभर घरात एकट्या कंटाळतील. पहिल्याच सकाळी त्या कॉरिडॉरमध्ये को हायच्या कुंड्यांशी उकिडव्या बसलेल्या दिसल्या. एकेक पान चुरडून वास घेत होत्या आणि समोर को हाय त्याच पवित्र्यात बसून प्रत्येक पानाचं व्हिएतनामी नाव सांगत होती. सासूबाई मराठीत उत्तर देत होत्या. दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नाही, हे त्या दोघींच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं.

को हायने चकत्यांची चवड दाखवली तेव्हा सासूबाईंनी एक उजेडात धरून पाहिली. "अगं, ही तर सालपापडी! आम्ही वाफवून उन्हात घालतो ती. ही ओली करून खातात होय?" मग को हायने हळद आणि नारळाचं दूध घालून तांदळाच्या पिठाचं कुरकुरीत घावन केलं, आमच्यासाठी आत मुगाची डाळ आणि मोड आलेले मूग घालून, आणि त्याचे तुकडे मोहरीच्या पानात गुंडाळायचे हे दाखवलं. सासूबाईंनी खाल्लं, विचार केला, आणि मला म्हणाल्या, "घावन पानात! आपल्याला कसं सुचलं नाही गं इतकी वर्षं?"

नागपंचमी जवळ आली. सासूबाईंना पातोळ्या करायच्या होत्या आणि हळदीची पानं सिंगापुरात कुठे मिळणार याची मला कल्पना नव्हती. हे मी को हायला हातवारे करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी फोन केला तर कुणी उचलेना. अंकल लिमना फोन केला तर ते म्हणाले, "दोघी बसने गेल्या. सकाळी." चार तास झाले होते. मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावत घरी आले, तर दोघी लिफ्टमधून बाहेर पडत होत्या. गेलांग सेराईच्या मलाय बाजारातून हळदीच्या पानांची जुडी, केळीची पानं, तीन नारळ, आणि सासूबाईंच्या डोक्यावर नवी कोरी गवती टोपी.

"आई, अहो सांगून तरी जायचं!"

"कुणाला सांगू? आणि हरवायला मी काय एकटी होते?" सासूबाई म्हणाल्या.

पातोळ्या माझ्या स्वयंपाकघरात झाल्या. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ सारवायचं, त्यावर गूळखोबरं, पान मिटायचं आणि वाफवायचं. को हायने पाहून पाहून चार केल्या. सासूबाईंच्या सहा होईपर्यंत तिच्या दहा झाल्या. मोदकपात्राचं झाकण काढलं तेव्हा हळदीच्या पानाचा तो वास घरभर गेला. को हायने एक पान सोललं, घास घेतला, आणि चावायची थांबली.

मला वाटलं, तोंड भाजलं. पण ती रडत होती. आवाज न करता, हातात ते उलगडलेलं पान धरून.

"माझी आई," ती थोड्या वेळाने म्हणाली. "केळीच्या पानात. हेच. गूळ, खोबरं."

आणि मग, इतक्या वर्षांत तिने कधी सांगितलं नव्हतं ते सगळं त्या दुपारी बाहेर आलं. अंकल लिम तरुणपणी एका कंत्राटदाराकडे वीजतंत्री म्हणून सायगावला गेले होते. तिथे दोघांचं जमलं. लढाई संपायच्या दोन वर्षं आधी ती लग्न करून सिंगापूरला आली. मागे आई आणि धाकटी बहीण उत्. उत् म्हणजे शेंडेफळ. मग देश उलटापालटा झाला, पत्रं वर्षावर्षाने पोचू लागली. उपासमारीची वर्षं आली. तांदळाच्या देशात लोक कंदमुळं मिसळून भात खात होते. आई आजारी पडली, अंथरुणाला खिळली, गेली. को हायला ते पाच महिन्यांनी कळलं. सगळं एकट्या उत्ने केलं.

"मग जाता यायला लागलं. मी गेले. दोन सुटकेसेस. साबण, कापड, औषधं, बिस्किटांचे डबे." तिने हातांनी सुटकेसेसचा आकार दाखवला. "उत् काही बोलली नाही. भांडली नाही. टेबल मांडलं. माझ्यासमोर बशी ठेवली. बशीत रोल. गुंडाळलेले. एकासारखे एक. सुंदर."

मला काही उमगलं नव्हतं.

"आमच्या घरात," ती म्हणाली, "एक ताट, सगळ्यांचे हात. आई, उत्, मी. गुंडाळलेले फक्त पाहुण्याला. उत्ने मला बशी दिली आणि ती आत जाऊन जेवली."

मी हे सगळं सासूबाईंना मराठीत सांगितलं. सासूबाई बराच वेळ पदराने हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "विचार तिला, मग परत का नाही गेली?"

मी विचारलं. को हायने मान हलवली. "पाहुणी म्हणून एकदा जाता येतं. दोनदा नाही."

सासूबाई परत गेल्या. नंतर दर रविवारी मी गुहागरला फोन केला की त्या आधी सईची चौकशी करायच्या आणि मग लगेच, "ती बाई कशी आहे?"

अंकल लिम गेले ते सईच्या शाळेच्या पहिल्या वर्षी. दुपारी आरामखुर्चीत पेपर वाचता वाचता डुलकी लागली आणि ते उठलेच नाहीत. ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत पाच दिवस मांडव होता, उदबत्त्या होत्या, ऑस्ट्रेलियात राहणारा त्यांचा मुलगा पर्थहून आला होता. को हायने फोटोपुढे भाताची वाटी, संत्री आणि चार रोल ठेवले. आणि शेजारी, चेहरा अगदी कोरा ठेवून, चिली सॉसची बाटली.

मुलगा चांगला होता. त्याने तिला पर्थला चल म्हटलं आणि ती महिनाभर जाऊनही आली. "घर मोठं. बाग मोठी," तिने मला सांगितलं. "शेजारी गाडीत बसतात, गाडीतून उतरतात. पाय दिसत नाहीत." ती परत येऊन सातव्या मजल्यावर एकटी राहू लागली. टेबलावर ताट मांडायची, पण पाला पूर्वीच्या निम्मा. आम्ही जायचो तेव्हा ती आमचे रोल बघायचीसुद्धा नाही. निरंजनने एकदा मुद्दाम उशीएवढा केला, तरी ती काही बोलली नाही. तेव्हा मला काळजी वाटली.

आणि जानेवारीत पत्र आलं. उत्चं नव्हे, उत्च्या मुलीचं. को हाय ते घेऊन आमच्याकडे आली आणि प्रथमच माझ्या घरात हात न धुता बसली. तिने वाचून, मोडत मोडत अर्थ सांगितला. माझी आई पडली, उजवं मनगट मोडलं आहे. तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, महिन्यावर आलंय. दरवर्षी आई साठ बान तेत बांधते, गल्लीभर वाटते. या वर्षी म्हणते बांधणार नाही, आणि दिवसभर गप्प बसून असते. तिने तुम्हाला कळवायला सांगितलेलं नाही. मीच लिहिते आहे.

बान तेत मी तिच्याकडे खाल्लं होतं. चिकट तांदूळ आणि मुगाची डाळ केळीच्या पानात लांबट, मनगटापेक्षा जाड गुंडाळून, दोऱ्यांनी करकचून बांधून तासन्‌तास उकडतात. एक धरतो, एक बांधतो. एका हाताचं काम नाही ते.

"जाऊ?" तिने मला विचारलं. माणसं पारखणारी, कुणाचा सल्ला न घेणारी को हाय मला विचारत होती. मी काय सांगणार? समजा पुन्हा बशी पुढे आली तर? रविवार होता. मी गुहागरला फोन लावला आणि सासूबाईंना सगळं सांगितलं.

त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. "तिला सांग, पाहुणी होऊन जाऊ नको. कामाला जा. काही नेऊ नकोस. सुटकेस दिसली की बशी येणार."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. को हायने फोन माझ्या हातातून घेतला, कानाला लावला आणि व्हिएतनामीत काहीतरी लांबलचक बोलली. पलीकडून सासूबाई मराठीत, "हो हो, जा जा," म्हणत असलेल्या मला ऐकू आल्या.

ती गेली ती खांद्यावर एक कापडी पिशवी घेऊन. आत दोन कपडे आणि ॲप्रन.

आठ दिवस काही कळलं नाही. नवव्या दिवशी भरदुपारी ऑफिसात माझा मोबाइल वाजला. मागे कोंबड्या, मोटरसायकली, बायकांचा कलकलाट. को हाय ओरडून बोलत होती आणि मला आधी वाटलं काहीतरी भयंकर घडलंय.

"ती ओरडली! उत् माझ्यावर ओरडली!"

"काय झालं?"

झालं ते असं. ती गेली तेव्हा उत्ने दार उघडलं, काही न बोलता बाजूला झाली. पहिले सात दिवस तेच: बिछाना घातलेला, टेबलावर झाकून ठेवलेली बशी. को हायने बशीला हात लावला नाही. स्वयंपाकघरात उभी राहून उरलासुरला भात खाल्ला आणि दिवसभर अंगण झाडलं, भांडी घासली, केळीची पानं पुसून सुकवली. उत् बघत राहिली, बोलली नाही. आठव्या दिवशी सकाळी को हायने कुणाला न विचारता तांदूळ भिजवले. नवव्या दिवशी ॲप्रन बांधून अंगणात चटईवर बसली आणि बांधायला लागली. पण दोरा बांधायची ती गाठ, जी आईने दोघींना शिकवली होती, ती काही तिला जमेना. गेल्या तीस वर्षांत सिंगापुरात तिने दुकानातली नायलॉनची दोरी आणि साध्या गाठी वापरल्या होत्या. तिसऱ्यांदा गाठ सुटली, तांदूळ चटईवर सांडले, आणि ओसरीवर हात गळ्यात बांधून बसलेली उत् एकदम किंचाळली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मूर्ख! गाढव! एवढंही विसरलीस? आईने काय शिकवलं? सरक! मग माझ्या शेजारी बसली. डाव्या हाताने धरलं. मी बांधलं. पुन्हा चुकले. पुन्हा ओरडली. साठ! साठ वेळा ओरडली!"

आणि ती हसायला लागली, मग तो हसण्याचा आवाज बदलला, मग दुसऱ्या एका बाईचा करडा आवाज आला आणि फोन बंद झाला. बहुधा उत्ने कामाच्या वेळी फोन केला म्हणून आणखी एकदा झापलं असावं. मी पँट्रीत जाऊन तोंड धुतलं. मिस्टर आँग कॉफी घेत होते. त्यांनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.

तीन महिन्यांनी को हाय आली ती फ्लॅट आवरायला. मुलगा नाराज झाला, मग समजला. कुंड्या तिने कॉरिडॉरभर वाटल्या. मासळीबाजाराच्या वासाचं ते पान मला आलं. निघताना मिठी वगैरे मारली नाही. सईचे गाल ओढले, निरंजनला म्हणाली, "थोडं कमी भर," आणि लिफ्टमध्ये शिरली.

तिला मी शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षी. ऑफिसच्या कामाला सायगावला गेले होते, एक दिवस मोकळा होता. बसने तीन-साडेतीन तासांवर सा देक. कालव्याकाठचं लहान घर, अंगणात फुलांच्या रोपांच्या रांगा. उत् को हायसारखीच बुटकी, पण दुप्पट रागीट चेहऱ्याची. मनगट बरं झालं होतं. मला सासूबाईंची खुशाली दोघींनी एकाच वेळी विचारली. उत्ला त्यांच्याबद्दल सगळं माहीत होतं. दिवसभर दोघी भांडत होत्या. मीठ जास्त झालं, पाणी कमी घातलं, कुत्र्याला कुणी आत घेतलं. मला एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळं कळत होतं.

संध्याकाळच्या बसला दोघी पोचवायला आल्या. एकाच स्कूटरवर, उत् पुढे, को हाय मागे, डोक्यावर दोन टोमॅटोसारखी लाल हेल्मेटं. मी खिडकीपाशी बसले, बस सुटली, मी हात हलवला आणि आता दिसणार नाहीत म्हणून नीट टेकून बसले. पण चौकात सिग्नलला बस थांबली तर खिडकीखाली हॉर्नचा कर्कश आवाज. त्याच दोघी. बहुधा बाजारात जायला त्याच रस्त्याने निघाल्या होत्या. को हायने मला पाहिलं, काहीतरी ओरडून सांगितलं, काचेतून ऐकू आलं नाही. मग तिने उत्च्या खांद्यावर थाप मारली आणि उजवीकडे बोट दाखवलं. उत्ने मान जोरात हलवली. को हायने आणखी जोरात बोट दाखवलं. सिग्नल सुटला.

उत् डावीकडे वळली. गर्दीत ती दोन लाल हेल्मेटं लहान होत गेली, आणि मागच्या हेल्मेटवालीचा हात अजून उजवीकडेच होता.